मुदत कोणाची, पैसा कोणाचा

मुंबईच्या टीव्ही मालिकांच्या व्यवसायात ९० दिवसांचा एक रिवाज वर्षानुवर्षं चालत आला आहे. कलाकार, तंत्रज्ञ, मेकअप करणारे, वेशभूषा सांभाळणारे अनेक जण दिवसाच्या दराने काम करतात. महिना संपला की बिल जातं आणि त्यानंतर तीन महिन्यांनी पैसे येतात. प्रत्येक निर्माता असंच करतो असं नाही, पण सेटवर नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच जे सांगितलं जातं त्यात ही गोष्ट असते.

याचा हिशेब मांडून पाहू. एखाद्या चरित्र कलाकाराचा दिवसाचा दर ५,००० रुपये आहे आणि महिन्यातले २० दिवस चित्रीकरण असतं असं धरू. जूनचं बिल एक लाखाचं झालं. ते महिनाअखेरीस दिलं तर पैसे सप्टेंबर संपता संपता येणार. तोवर जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचंही काम करून झालेलं असतं. म्हणजे पहिलं पेमेंट हातात पडतं त्या दिवशी त्याचे चार लाख रुपये निर्मात्याकडे असतात. त्यातले एक लाख मिळाले, तीन राहिले आणि ऑक्टोबर संपेपर्यंत पुन्हा चार झाले. मालिका चालू आहे तोपर्यंत हा आकडा खाली येत नाही. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं बंद पडली, तेव्हा डिसेंबरात केलेल्या कामाचेसुद्धा पैसे अनेकांना मिळायचे होते. नवं काम थांबलेलं आणि जुनी कमाई दुसऱ्याच्या खात्यात, अशा अवस्थेत कित्येक घरं सापडली. ही मुदत कमी करा, अशी मागणी कामगार संघटनांनी त्या काळात जोराने केली.

हे चार लाख म्हणजे बिनव्याजी कर्ज आहे. ते देणारी बँक नाही. घरभाडं, गाडीचा हप्ता आणि मुलांची फी भरणारा एकटा माणूस आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला किती दिवसांनी पैसे मिळावेत, हा प्रश्न एरवी सोयीचा किंवा शिष्टाचाराचा समजला जातो. माझ्या मते तो कर्जाचा प्रश्न आहे. कोण कोणाच्या पैशावर काम चालवतो आहे, हे आधी पाहावं आणि मग तारीख ठरवावी.

नोकरदाराच्या बाबतीत हा प्रश्न कायद्याने फार पूर्वीच सोडवला. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने पगाराचा काळ एका महिन्यापेक्षा मोठा ठेवायला बंदी केली आणि हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार झालाच पाहिजे असं ठरवून दिलं. २०१९ च्या वेतन संहितेत हीच गोष्ट आणखी बारकाईने लिहिली आहे. रोजंदारीवर असलेल्याला पाळी संपताना, आठवड्याच्या पगारावर असलेल्याला साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या कामाच्या दिवशी, पंधरवड्याने पगार घेणाऱ्याला पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांच्या आत आणि महिन्याच्या पगारदाराला सात दिवसांच्या आत. जो रोज कमावून रोज खातो त्याला थांबवून ठेवायचं नाही, हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो.

काम अंगावर घेणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. भाषांतरकार, ग्राफिक डिझायनर, सॉफ्टवेअर लिहून देणारा, रंगकामाचा ठेका घेणारा, हिशेब तपासून देणारा, यांच्याकडे कायदा दोन व्यावसायिकांतला एक म्हणून पाहतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दोघांनी मिळून जी मुदत मान्य केली ती त्यांची मुदत. कागदावर दोघं बरोबरीचे असतात. प्रत्यक्षात एकाच्या हिशेब विभागात दहा माणसं बसलेली असतात आणि दुसरा रात्री जेवणानंतर स्वतःच बिल टाइप करत असतो.

मुदतीची घासाघीस होते तेव्हा बोलणं बहुतेक वेळा ‘३० दिवस की ४५ दिवस’ एवढ्यावरच फिरत राहतं. बिल किती दिवसांनी करायचं, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न त्यात निसटतो. अडकून पडणारी रक्कम या दोन काळांच्या बेरजेवर ठरते. महिन्याला एक लाखाचं काम करणाऱ्याने महिन्याने बिल दिलं आणि ३० दिवसांनी पैसे घेतले, तर एका वेळी जास्तीत जास्त दोन लाख अडकतात. त्याच क्लायंटची तीच ३० दिवसांची मुदत मान्य करून बिल मात्र दर आठवड्याला दिलं, तर अडकलेली रक्कम सव्वा लाखाच्या आसपास येते. पंधरवड्याने बिल आणि १५ दिवसांनी पैसे असं जमलं तर एक लाख. मोठी कंपनी आपली मुदत सहसा बदलत नाही, कारण ती तिच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि धोरणात बसवलेली असते. बिलाचा काळ मात्र काम देणारा अधिकारी स्वतःच्या पातळीवर बदलून देऊ शकतो. मागायचंच असेल तर तिथे मागावं.

मग किती रक्कम अडकू द्यावी? याला सर्वांसाठी एक आकडा नाही, पण एक कसोटी आहे आणि मी ती फार मानतो. या क्लायंटने उद्या फोन उचलणं बंद केलं आणि अडकलेलं सगळं बुडालं, तरी पुढच्या महिन्याचं भाडं, हप्ता आणि किराणा भागला पाहिजे. हे भागत नसेल तर काळ मोठा आहे, मग समोरची कंपनी कितीही नामांकित असो. नाव मोठं असल्याने पैसे बुडण्याची भीती कमी होते हे खरं, पण उशिराची भीती त्याने कमी होत नाही. मोठ्या ठिकाणी एका बिलावर तीन-चार सह्या लागतात आणि त्यातला एक सही करणारा नेहमी रजेवर असतो.

उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. प्रत्येक बिलामागे दोन्हीकडे काम असतं: बिल करणं, तपासणं, मंजुरी घेणं, टीडीएस कापणं, नोंद करणं. चार हजारांच्या कामाचं आठवड्याला बिल पाठवलं तर क्लायंट वैतागतो, आणि त्याचं वैतागणं रास्त असतं. छोटं काम पूर्ण झाल्यावर एकदाच पैसे घ्यावेत, आणि शक्य असेल तर काम हाती देतानाच. बिलांचे तुकडे केले की टीडीएस चुकतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, कारण वर्षभरात दिलेल्या रकमांची बेरजही पाहिली जाते.

बांधकामाच्या क्षेत्रात हा प्रश्न सगळ्यात जुना आहे आणि त्यावरची उत्तरंही तिथेच सगळ्यात पक्की झालेली आहेत. लेबर रेटवर प्लास्टरचं काम घेतलेल्या ठेकेदाराला आपल्या गवंड्यांना आणि बिगाऱ्यांना आठवड्याच्या आठवड्याला मजुरी द्यावी लागते. त्याच्या खिशातून पैसा दर आठवड्याला जातो, म्हणून त्याला येणारा पैसाही त्याच चालीने यावा लागतो. महिन्याचं बिल त्याला परवडतच नाही. मालासकट ठेका घेतला असेल तर सिमेंट आणि स्टीलवाल्याची उधारी किती दिवस चालते, यावर त्याची चाल ठरते. घर बांधताना जोत्यापर्यंत इतके, स्लॅब पडला की इतके, विटकाम झालं की इतके, मग प्लास्टर, मग फिनिशिंग, असे टप्पे ठरवतात. घरमालकाच्या डोळ्यांना दिसेल इतकं काम झालं की पैसे सुटतात, आणि ठेकेदाराला पुढच्या टप्प्याचा माल भरता येतो. या पद्धतीत दोघांचाही धोका मर्यादित राहतो. एकानेही दुसऱ्यावर पूर्ण विसंबून राहायचं नाही, ही त्यातली खुबी आहे.

सरकारी कामात मोजमाप पुस्तकात नोंदी होतात, त्यावरून रनिंग बिलं निघतात, आणि काही टक्के रक्कम दोष निवारणाचा काळ संपेपर्यंत राखून ठेवली जाते. रचना म्हणून ही पद्धत चांगली आहे. ती अडते ती पैसा सुटण्याच्या जागी. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कंत्राटदारांनी थकीत बिलांसाठी ठिकठिकाणी आंदोलनं केली. मोजमाप झालेलं, बिल मंजूर झालेलं, रस्त्यावरून गाड्याही धावू लागलेल्या, आणि निधी आला नाही म्हणून पैसे थांबलेले. टप्पे कितीही नीट पाडले तरी टप्प्यानंतरची मुदत कोणी पाळत नसेल तर उपयोग होत नाही. यात शेवटचा भार नेहमी खाली सरकत जातो: मोठा ठेकेदार पोटठेकेदाराला थांबवतो, तो मुकादमाला, आणि मुकादम मजुराला.

लिहिण्याच्या, चित्रांच्या, डिझाइनच्या कामात टप्पे पाडताना एक सापळा असतो. ‘मसुदा मंजूर झाल्यावर ४० टक्के’ असं लिहिलं की टप्पा पूर्ण होणं समोरच्याच्या हातात जातं. मसुदा दोन महिने कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहतो. मंजूर नाही आणि नामंजूरही नाही. पुस्तकाच्या भाषांतराचे पैसे ‘प्रकाशनानंतर’ असं मान्य करणारा भाषांतरकार तर छपाई, कागदाचे भाव आणि समारंभाच्या पाहुण्याची तारीख या सगळ्यांची वाट पाहत बसतो. त्याचं काम कधीच संपलेलं असतं. टप्पा नेहमी आपल्या हातातल्या कृतीला बांधावा. ‘मसुदा दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असं समजलं जाईल’ हे एक वाक्य करारात असलं की घोळ निम्मा मिटतो.

आगाऊ रकमेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ॲडव्हान्स घेतला की सगळं सुरक्षित झालं असं बरेच जण धरून चालतात. नव्या क्लायंटकडून कामाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका बयाणा घेणं योग्यच आहे. समोरच्याची तयारी त्यातून कळते आणि अडकणाऱ्या रकमेची सुरुवात शून्याच्या खालून होते. लांबलचक कामात मात्र अर्धे आधी आणि अर्धे शेवटी, ही वाटणी वाईट. मधल्या सहा महिन्यांत एक रुपया येत नाही आणि शेवटचा अर्धा भाग अडवून धरण्याइतका मोठा असतो. शेवटचा हप्ता दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा मोठा नसावा, असं माझं मत आहे. त्यापेक्षा मोठा असला की तो पैसा राहत नाही, काम करणाऱ्यावरचा दाब होतो.

आगाऊ पैसा फार लवकर आणि फार मोठा आला तर काय होतं, हे मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांकडे पाहिल्यावर समजतं. हंगाम सुरू होण्याआधी मुकादमाकडून एका कोयत्याला, म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोच्या जोडीला, उचल मिळते. तोडलेल्या टनांच्या मजुरीतून ती फेडायची. पाऊस कमी झाला, ऊस कमी निघाला, घरात आजारपण आलं, तर हंगाम संपताना बाकी राहते आणि पुढच्या हंगामाला बांधून घेते. दर वाटाघाटीने वाढवून मागण्याची, दुसरा मुकादम बघण्याची, काम सोडण्याची मोकळीक त्या बाकीने जाते. त्याच शेतातल्या उसाच्या मालकासाठी मात्र १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांची मुदत आहे; त्यानंतर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावं लागतं. शेतकऱ्यालाही ते पैसे दर वेळी वेळेवर मिळतात असं नाही, त्यासाठी आंदोलनं करावी लागतात. पण निदान कोर्टात बोट ठेवायला एक तारीख आहे. तोडणाऱ्यापाशी मुकादमाची वही आहे.

म्हणून काम आणि पैसा यांच्यातलं अंतर दोन्ही दिशांनी लहान ठेवणं चांगलं. शहरातल्या फ्रीलान्सरलाही हे लागू पडतं. वर्षभराचे पैसे एकदम आगाऊ घेऊन बसलेला माणूस सातव्या महिन्यात जुन्याच दराने वाढीव काम करत असतो, आणि नाही म्हणायची त्याची जागा संपलेली असते.

आता कायद्याकडे. अनेक स्वतंत्र व्यावसायिकांना माहीत नसतं की त्यांच्यासाठी देशात एक चांगली तरतूद २००६ पासून आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे आहेत. करारात ९० दिवस लिहून सही घेतली असली तरी ४५ च्या पुढची मुदत या कायद्यापुढे टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. बँक रेट ६ टक्के धरला तर हे १८ टक्के होतं. एक लाखाचं बिल सहा महिने थकलं तर व्याज ९,३०० रुपयांच्या वर जातं. लेखी हरकत १५ दिवसांत घेतली नाही तर काम स्वीकारल्याचं समजतात, हेही याच कायद्यात आहे.

उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे एकट्या माणसालाही विनामूल्य नोंदणी करता येते. ती काम सुरू होण्याआधी केलेली असावी; वाद झाल्यानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ मागच्या कामाला मिळतो का, यावर न्यायालयांत बरंच भांडण झालेलं आहे. बांधकामाच्या ठेक्यांना हा कायदा किती लागू पडतो, यावरही मतभेद झाले आहेत. तेव्हा ठेकेदाराने आपल्या करारातली मुदतच पक्की करावी. बाकीच्यांना राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं असेल तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ही अट फार जोरदार आहे.

तरीही माणसं तक्रार करत नाहीत. एका बिलासाठी पुढची दहा कामं घालवायची का, हा हिशेब त्यांच्या मनात असतो, आणि तो भित्रेपणाचा नाही. म्हणूनच २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात केलेला बदल मला जास्त परिणामकारक वाटतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच उत्पन्नातून वजा करता येतो. यात काम करणाऱ्याला भांडावं लागत नाही. क्लायंटचा सीएच मार्चमध्ये त्याला आठवण करतो. त्यासाठी आपला उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापलेला असला पाहिजे, म्हणजे तो सीएच्या नजरेतून सुटत नाही.

जीएसटीची नोंदणी असलेल्यांना मुदत आणखी महाग पडते. सेवा देणाऱ्यांना सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. त्यापुढे मात्र कर बिलाच्या तारखेला लागू होतो, पैसे मिळाल्याच्या तारखेला नाही. एक लाखाच्या बिलावरचे १८,००० रुपये, महिन्याचं विवरण भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारकडे भरावे लागतात. क्लायंटने ९० दिवसांनी पैसे दिले तर आपल्या मेहनतीसोबत सरकारचा करही आपण खिशातून उसना दिलेला असतो. मुदत ठरवताना ‘निदान कराची रक्कम २० तारखेच्या आत द्या’ एवढी मागणी करून पाहावी. ती मान्य होण्याची शक्यता असते, कारण क्लायंटला त्या कराचं क्रेडिट हवं असतं. आणि १८० दिवसांत पूर्ण पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट त्याला परत करावं लागतं.

इतर देशांत थेट फ्रीलान्सरसाठी कायदे झाले आहेत. न्यूयॉर्क शहराचा कायदा मे २०१७ पासून लागू आहे. ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामासाठी लेखी करार सक्तीचा आहे, आणि करारात तारीख नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे आहेत. वेळेवर पैसे हवे असतील तर थोडे कमी घ्या, असं काम सुरू झाल्यावर सांगणंही तिथे बेकायदा आहे. २०२४ मध्ये त्याच धर्तीचा कायदा सगळ्या न्यूयॉर्क राज्याला लागू झाला. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने उशिरावर मूळ बँक दरापेक्षा ८ टक्के जास्त व्याज मागता येतं. आपल्याकडे लेखी कराराची सक्ती नसल्याने निम्मी भांडणं ‘ठरलं काय होतं’ यावरच अडतात. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर ‘ठीक आहे, सुरू करा’ एवढं आलं तरी ते जपून ठेवावं. थकीत रकमेसाठी दावा करायला साधारण तीन वर्षं असतात. त्या काळात क्लायंटने सहीनिशी देणं कबूल केलं तर मुदत तिथून पुन्हा मोजली जाते.

ठरलेली तारीख चुकल्यावर काम थांबवायचा हक्क करारात आधीच लिहून घ्यावा. ‘एखादं बिल मुदतीनंतर १० दिवस थकलं तर पुढचं काम थांबेल आणि वेळापत्रक तेवढं पुढे जाईल’ एवढं पुरेसं आहे. ते नसताना काम थांबवलं तर करारभंग आपल्या माथी येऊ शकतो.

आणि लिहिणाऱ्यांनी, चित्रं काढणाऱ्यांनी, कोड लिहिणाऱ्यांनी एक वाक्य कधीही विसरू नये. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक तो स्वतः असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. छायाचित्रं, चित्रं आणि चित्रपट मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून केले असतील तर मात्र उलट होतं. वेगळा करार नसेल तर मालकी काम देणाऱ्याकडे जाते. तेव्हा छायाचित्रकार आणि चित्रकारांना तर हे लिहून घेण्याशिवाय गत्यंतरच नाही: ‘या कामाचे हक्क संपूर्ण रक्कम जमा झाल्याच्या दिवशी हस्तांतरित होतील.’ असं वाक्य करारात असेल तर पैसे न देता मजकूर किंवा चित्र छापणारा क्लायंट आपल्या मालकीची वस्तू वापरत असतो, आणि त्याचा वकीलही त्याला ते सांगतो.